निरोगी माणूस क्रमांक एकोणीस

सर नवीन माणसाला नाव विचारत नसत, त्याची कंबर मोजत. सदऱ्याच्या खिशात शिंप्याची पिवळी टेप असे. समोरचा ‘वणक्कम’ म्हणायला हात जोडी, तेवढ्यात ती टेप त्याच्या पोटाभोवती फिरून आलेली असे. मी मिरजेहून तंजावूरला नोकरीवर हजर झाले त्या सकाळी त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, हात खिशाकडे नेला, मग आवरला आणि म्हणाले, “स्त्रियांचें माप माझी बायको घेईल. तूं बस. कॉफी घे.” मला वाटलं, थट्टा असेल. संध्याकाळी त्यांच्या बायकोनं, म्हणजे पुढे मी ज्यांना काकू म्हणू लागले त्यांनी, मला घरी बोलावून खरंच माप घेतलं आणि खिडकीतून अंगणात बसलेल्या सरांना आकडा ओरडून सांगितला. शेजारच्या घरातल्या बाईंनीही तो ऐकला असणार, कारण दुसऱ्या दिवशी त्यांनी मला न विचारता ताक पाठवलं.

सर एका मेडिकल कॉलेजच्या बायोकेमिस्ट्रीच्या लॅबचे प्रमुख. निवृत्त झाले होते, पण दरवर्षी मुदत वाढवून घेऊन खुर्चीवर होतेच. आमचं काम बायपोलर रुग्णांवर होतं. बायपोलर म्हणजे मन काही आठवडे, काही महिने उधळून उंच जातं, मग कधी त्याहूनही जास्त दिवस खोल जाऊन बसतं, असा आजार. अशा माणसांच्या चरबीतून रक्तात उतरणारी हार्मोन्स आणि शरीरात बारीक धुमसत राहणारा दाह यांचा त्या मनाशी काही संबंध आहे का, हे आम्ही रक्ताच्या नळ्यांतून शोधत होतो. संबंध असावा असं बऱ्याच जणांना वाटतं. पण आजारामुळे चरबी वाढते, की औषधामुळे, की जेवणाझोपेच्या खेळखंडोब्यामुळे, की चरबीच उलटून मनाला छळते, हे कुणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही. सर मात्र छातीठोकपणेच सांगत.

“पोट म्हणजे गोदाम नव्हे गे,” ते म्हणत. “टपाल कचेरी आहे. लेप्टिन म्हणोन एक पत्र तेथून मेंदूस जातें. आंत लिहिलेलें असतें, पुरे, आतां खाऊं नको. कांहींचा मेंदू पत्र घेतो, पण फोडीत नाहीं.” असं म्हणून ते स्वतःच्या पोटावर थाप मारीत. ती टपाल कचेरी चांगली मोठी होती.

एक गोष्ट आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचणाऱ्याला चकवल्यासारखं व्हायला नको. सर स्वतः बायपोलर होते. वर्षानुवर्षं गोळ्या घेत होते आणि वर्षानुवर्षं ते लपवत होते. आमच्या अभ्यासात मात्र त्यांची नोंद ‘निरोगी माणूस क्रमांक एकोणीस’ अशी होती, आणि ती नोंद माझ्या अक्षरात आहे. हे लपवणं त्यांच्या जिवावर कसं बेतलं, ते मला सांगायचं आहे. मला त्यांचा राग आला होता. तो अजून पुरता गेलेला नाही.

सर तंजावूरच्या जुन्या मराठी घराण्यातले. घरात मराठी बोलत, बाहेर तमिळ, आणि यंत्र बिघडलं की इंग्रजी. माझी मराठी त्यांना मुळीच पसंत नव्हती. “तुमच्याकडची बिघडली,” ते म्हणत. “आम्ही बरणींत घालून दादरा बांधून ठेविली आहे.” बरणीत सांबार, रसम, वेष्टी सगळं कधीच जाऊन पडलं होतं, पण ते बोलायची माझी काय बिशाद. देवनागरी मात्र त्यांना वाचता येत नसे. त्यामुळे माझ्या टेबलावरच्या वहीत मी त्यांच्याविषयी मनाला येईल ते बिनधास्त लिहीत असे. एकदा ते वहीवर वाकून बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “अक्षर सुरेख आहे. काय लिहिलें आहेस?” मी म्हणाले, “कामाची टिपणं, सर.” वर लिहिलं होतं, ‘म्हातारा आज पुन्हा सेंट्रिफ्यूजशी भांडला.’

सरांचे सीझन असत. हा शब्द लॅबमधला, सगळेजण वापरायचे. चांगल्या सीझनमध्ये सर सकाळी साडेपाचला येत, फळ्यावर पाच नवे प्रकल्प लिहीत, कँटीनमध्ये ऑटोवाल्यांना ॲडिपोनेक्टिन नावाचं चरबीतलं हार्मोन समजावून सांगत, आणि एका वाक्याच्या पोटात दुसरं, दुसऱ्याच्या पोटात तिसरं अशी वाक्यं बोलत. वाईट सीझनमध्ये ते उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजसमोर स्टूल घेऊन बसत आणि फ्रीजच्या आकड्याकडे पाहत राहत. तोच सदरा तीन दिवस. कॉफी ठेवली तर थंड होई. आम्ही याची कारणं शोधून ठेवली होती. कुणी म्हणे कत्तरी वेय्यिल, म्हणजे ऐन वैशाखाचं ऊन, त्यांना सोसत नाही. कुणी म्हणे मोठी बुद्धी असली की असं व्हायचंच. मी म्हणे, निवृत्तीनंतर माणूस असा होतो. माझ्या वडिलांचं उदाहरणही देत असे, आणि माझे वडील तर अजून नोकरीत होते.

आम्ही हे सगळं बोलत होतो कुठे? ज्या खोलीत रोज रुग्णांना प्रश्नावली विचारली जाई, त्या खोलीत. सलग काही दिवस फार कमी झोपूनही ताजंतवानं वाटलं, असं झालं आहे का? डोक्यात कल्पनांची रीघ लागते का? बोलणं थांबवता येत नाही, असं लोक म्हणतात का? हे प्रश्न मला तमिळमध्ये पाठ झाले होते. आणि भिंतीपलीकडून सर, तीन दिवस न झोपलेले, शिंप्यांच्या दुकानातून चाळीस टेपा मागवायला फोनवर सांगत असत. एका प्रश्नाचं उत्तर रुग्ण देई, बाकीच्यांची भिंतीतून येत. मी फक्त रुग्णाची उत्तरं लिहून घेत असे.

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी सर तिरुचीला जात. डोंगरावरच्या गणपतीला, असं सांगत. शेकडो पायऱ्या चढून दर महिन्याला देवदर्शन करणाऱ्या माणसाच्या पोटाचा घेर तसूभर कमी होत नाही, याचं मला, जिचं सगळं शिक्षण चरबी आणि तिचा खर्च यांवर झालं, तिला कधी नवल वाटलं नाही. येताना ते पेढ्यांचा पुडा आणीत, म्हणून कुणालाच काही विचारायचं सुचलं नाही. ते तिरुचीच्या एका डॉक्टरांकडे जात होते. गोळ्यांमधलं लिथियम रक्तात किती आहे ते तपासून घेत होते. तीच तपासणी आमच्या लॅबमध्ये, त्यांच्याच खुर्चीपासून दहा पावलांवर, दर मंगळवारी होत असे.

आता निरोगी माणसांविषयी. अशा अभ्यासात रुग्ण मिळतात, ते ओपीडीत येतातच. अवघड असतात ते निरोगी. प्रत्येक रुग्णाला त्याच वयाचा, त्याच बांध्याचा, साधारण तेवढ्याच कमरेचा एक निरोगी जोडीदार लागतो, नाहीतर तुलना कशाची करायची? शिवाय रक्त उपाशीपोटी हवं. सात वाजता, काहीही न खाता, कॉफीसुद्धा न घेता. तंजावूरमध्ये सकाळची कॉफी न घेता घराबाहेर पडणारा माणूस मुळात निरोगी समजावा का, असा माझा प्रश्न होता. सरांनी त्यावर तोडगा काढला. रक्त दिलं की लगेच पानावर गरम पोंगल, वडा, चटणी आणि मोठा ग्लास कॉफी. काकू स्वतः डबे भरून पाठवत. मग असे निरोगी यायला लागले की आवरेनात. एक गृहस्थ तीन वेगवेगळ्या नावांनी आले. सरांनी त्यांना कमरेवरून ओळखलं.

तरीही मोठ्या पोटाचे, साठीच्या आसपासचे निरोगी पुरुष कमी पडतच. सर त्यांच्या शोधात कुठेही जात. पापनाशमला त्यांच्या चुलतबहिणीच्या मुलाचं लग्न होतं, त्याला मलाही नेलं होतं. चांगला सीझन सुरू होता, हे आता कळतं. पंगत बसली. सर वाढायला निघाले असं मला वाटलं, तर हातात टेप. पानावर बसलेल्या व्याह्यांच्या मागे जाऊन वाकले आणि उपरण्यावरूनच माप घेतलं. व्याही घास तोंडात तसाच धरून राहिले.

“बेचाळीस,” सर आनंदानं म्हणाले. “मधुमेह आहे काय? मन कधीं फार खिन्न होतें काय? नाहीं ना? सोमवारीं सकाळीं सातास या. कांहीं खाऊं नका.”

नवरीची आई माझ्या शेजारी बसली होती. तिनं मला हळूच विचारलं, “यांस काय जालें आहे?”

मी हसून म्हणाले, “काही नाही हो, ते शास्त्रज्ञ आहेत.” तिचं त्या उत्तरानं समाधान झालं. माझंही झालं होतं.

व्याही मात्र आले नाहीत. आणि त्याच आठवड्यात सत्तेचाळीस क्रमांकाच्या रुग्णाला जोडीदार लागत होता. वय बासष्ट, कंबर त्रेचाळीस. यादी तपासली, नातेवाईक तपासले, कॉलेजचे सगळे शिपाई मोजून झाले. अखेर सर बाही वर करत माझ्यासमोर खुर्चीवर बसले. “कां गे, मी नाहीं काय? बासष्ट. त्रेचाळीस. घे.”

नियमाप्रमाणे मी प्रश्नावली काढली. त्यांनी तक्रार केली नाही, उलट कौतुकानं मान हलवली. स्वतःला किंवा घरात कुणाला मानसिक आजार आहे का? नाही. मन उभारी देणाऱ्या किंवा शांत ठेवणाऱ्या गोळ्या कधी घेतल्या आहेत का? नाही. दोन्ही वेळा ते माझ्याकडे न पाहता खिडकीतल्या कडुनिंबाकडे पाहत होते. मी खुणा केल्या, सुई टोचली, नळीवर एकोणीस लिहिलं. मग ते पोंगल खायला गेले.

एकोणीसचा निकाल आला आणि मी तो दोनदा करून पाहिला. दाहाचा जो आकडा असतो, सीआरपी, तो आमच्या बहुतेक रुग्णांपेक्षा जास्त. लेप्टिन आभाळाला लागलेलं. निरोगी रांगेत हा माणूस असा बसला होता की सगळी तुलनाच कलंडत होती. मी सरांना दाखवलं. म्हणाले, “दांत दुखत होता. दांतांत जंतु असले म्हणजे असें येतें.” बरोबर होतं, येतं. महिन्यानं पुन्हा रक्त घेतलं. पुन्हा तेच. आता दुसरा दात. त्या वर्षभरात सरांचे चार दात दुखले. हसले की बत्तीसच्या बत्तीस दात जागच्या जागी दिसत, आणि त्या काळात ते बरेच हसत होते.

त्यांना काय झालं होतं ते आता सांगते. स्वतःचा आकडा बघून सर घाबरले होते. लोकांना शिकवलेली गोष्ट त्यांच्याच नळीत उभी होती. मग त्यांनी आपल्याच पद्धतीनं विचार केला. गोळ्यांनी पोट वाढलं, पोटानं दाह वाढवला, दाहानं मन बिघडवलं. म्हणजे पोट उतरवलं की दाह जाईल, दाह गेला की आजार जाईल. मग गोळ्या कशाला? एका माणसावरून काहीही सिद्ध होत नाही, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. पण तो एक माणूस आपणच असलो की ते वाक्य आठवत नसावं. कुणाला न सांगता त्यांनी गोळ्या बंद केल्या. दुपारच्या भाताच्या जागी कुळथाचं रसम आलं. पहाटे मोठ्या देवळाच्या तटाला ते चकरा मारू लागले, एकामागून एक. पँट सैल झाली. सर खुशीत होते, आणि आम्हाला वाटलं, चांगला सीझन आला.

एका सकाळी त्यांनी स्वतःचं रक्त स्वतःच काढून आणलं. निकाल लागला तेव्हा मी बाजूलाच होते. सीआरपी उतरला होता. खरंच उतरला होता. लेप्टिनही. एकोणीस क्रमांक पहिल्यांदाच निरोग्यांच्या रांगेत शोभत होता. सरांनी तो कागद डोक्यावर धरला, लॅबभर फिरवला. “पाहा! विझला! आतां आम्हीं साऱ्या गांवाचा विझवूं!” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. गोळ्या बंद केल्यापासूनच्या चाळीस दिवसांत त्यांच्या रक्ताचा कागद सगळ्यात चांगला आला तो दिवस हाच, आणि सर सगळ्यात जास्त आजारी होते तेही त्याच दिवशी. दोन्ही गोष्टी माझ्या डोळ्यांसमोर होत्या. मी कागद पाहिला.

त्या सकाळी त्यांनी मला कामावरून काढलं, तासाभरानं उपप्रमुख केलं आणि जेवणाच्या सुट्टीत पुन्हा काढलं. मी ते मनावर घेतलं नाही. मग चाळीस टेपा पिशवीत भरून ते निघून गेले. दुपारी काकूंचा फोन आला.

“ये गे लवकर. जुन्या बसस्टँडवर आहेत. मज ऐकत नाहींत. पांच दिवस डोळा लागला नाहीं त्यांचा.”

“काकू, त्यांना काय झालंय?”

पलीकडे त्यांनी आवाज खाली आणला. मग त्या म्हणाल्या, “गोळ्या बंद केल्या गे त्यांनीं.”

कुठल्या गोळ्या हे मी विचारलं नाही. विचारायची गरजच उरली नव्हती. इतकी वर्षं पाठ केलेले प्रश्न एकामागोमाग आठवले आणि प्रत्येकापुढे सरच उभे होते. ऑटोत बसून मी रडत होते. ऑटोवाला म्हणाला, “घरात कुणी गेलं का अम्मा?”

बसस्टँडवर टाऊन बसेस अडकून पडल्या होत्या. सर कंडक्टरांना ओळीनं उभे करून कंबर मोजत होते आणि आकडे मोठमोठ्यानं सांगत होते. गळ्यात टेपा. आवाज पार बसलेला. लोक हसत होते, फोनवर चित्रीकरण करत होते. एका कंडक्टरानं त्यांना ढकललं, ते पडले, उठले आणि पुन्हा त्याचीच कंबर मोजायला गेले. काकू बाजूला उभ्या होत्या, साडीचा पदर तोंडाला. मी सरांचा हात धरला तर त्यांनी झिडकारला. “बाजूस हो! पंचेचाळीस जाले आहेत, आणखी सहाशें आहेत!”

मग तोंडातून निघालं ते असं, “सर, एकोणीसचं रक्त पुन्हा घ्यायचंय. उपाशी आहात ना?”

ते थांबले. “उपाशीच आहें.” अगदी कामाच्या आवाजात म्हणाले.

“मग चला. सातची वेळ टळून गेलीय.” दुपारचे तीन वाजले होते.

ते आले. ऑटोत काकू आणि माझ्यामध्ये बसून आले, लॅबमधल्या खुर्चीवर बसले, बाही वर केली. मी नवी नळी काढली, पट्टा बांधला आणि रक्त घेतलं. मला शीर सापडत नव्हती, म्हणून त्यांनीच ती दाखवली. तोवर काकूंनी तिरुचीच्या डॉक्टरांना फोन लावला होता.

सर दीड महिना तिरुचीला राहिले. त्या काळात काकूंनी मला एकदाच, भाजी निवडता निवडता, कारण सांगितलं. सरांची एक आत्या होती, ओरत्तनाडुला. तिलाही असंच काही होतं. तिला मागच्या खोलीत ठेवलेलं असे, आणि घरी पाहुणे आले की त्या खोलीत कुणी नाहीच असं सांगितलं जाई. सर लहान असताना सुट्टीत तिथे जात. ती दाराच्या फटीतून त्यांना हाक मारी, आणि पाहुण्यांसमोर त्यांनाही सांगावं लागे की आत कुणी नाही. “आमचे लोक थोडे,” काकू म्हणाल्या. “प्रत्येक घर नात्याचें. एकदां कळलें म्हणजे सर्वांस कळलें.” हे ऐकून मला सरांची कीव आली नाही, कसलीतरी भीतीच वाटली. मीसुद्धा त्यांच्या नावापुढे तीच खूण केली होती. आत कुणी नाही.

सर घरी आले तेव्हा त्यांचं पोट परत आलं होतं आणि आवाज गेला होता. औषधांनी जड झालेले, सावकाश बोलत होते. मी कागद घेऊन गेले होते, कारण अभ्यास बंद करायची वेळ आली होती.

“एकोणिसाचें काय करणार?” त्यांनी स्वतःच विचारलं.

“काढावा लागेल, सर. उत्तरं खोटी आहेत.”

“सेरी, बरें. मग मज रोग्यांत घाल.”

मी मान हलवली. “तेही नाही करता येत. रोगी फक्त ओपीडीतून नोंद झालेले घ्यायचे, हा तुमचाच नियम आहे. तुमची नोंद आपल्याकडे नाहीच.”

त्यांनी माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. मग हसू लागले. इतक्या दिवसांनी पहिल्यांदाच. “निरोग्यांत नाहीं. रोग्यांत नाहीं. मग मी कोठें आहें गे?” हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि दारातच थांबल्या. मला वाटलं, आता आपण काहीतरी चांगलं, धीराचं बोलायला हवं. पण मी कागदावर एकोणीस क्रमांकावर रेघ ओढली. घरी गेल्यावर त्या रेघेची मला लाज वाटली.

त्यांनी तिरुचीलाच जात राहायला काहीच हरकत नव्हती. तिथले डॉक्टर चांगले होते, गणपती होता, पेढे होते. मुदतवाढ अजून हातची गेलेली नव्हती. बसस्टँडवरचा प्रकार म्हणजे उष्णतेचा झटका, असं लॅबमध्ये सगळ्यांनी ठरवूनही टाकलं होतं. कुणी काही विचारत नव्हतं. सगळं पूर्वीसारखं झाकलेलं राहिलं असतं.

नंतरच्या मंगळवारी मी रुग्णांची नावं पुकारायला ओपीडीत गेले. मानसरोग विभागाचा बोळ भरलेला होता. बाकांवर आमचे नेहमीचे लोक. त्यांतल्या प्रत्येकाची कंबर सरांनी मोजलेली. आणि सर रांगेत उभे होते. इस्त्रीची पांढरी वेष्टी नेसलेले, हातात नवीन ओपीडी चिठ्ठी. शिकाऊ डॉक्टर धावत आला, “सर, इकडून या, आतून या.”

“नको,” सर तमिळमध्ये म्हणाले. “माझा नंबर आहे.”

बोळातला आवाज कमी झाला. लोकांनी त्यांना ओळखलं होतं. न ओळखायला काय झालं? मला तिथून निघून जावंसं वाटलं, पण नावं पुकारायची होती. बाकावर पापनाशमची एक म्हातारी बसली होती, भातलावणीला जाणारी, आमच्याकडे बऱ्याचदा येणारी. तिनं सरांना वरपासून खालपर्यंत पाहिलं, पिशवी मांडीवर घेतली आणि सरकून जागा करून दिली. सर बसले. म्हातारीनं त्यांच्या हातातली चिठ्ठी पाहिली, मग त्यांच्याकडे, आणि बाकावर शेजारी बसणाऱ्या कुणालाही विचारावं तसं विचारलं, “तुम्हाला किती वर्षं झाली?”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. शिकाऊ डॉक्टर अजून तिथेच उभा होता. दोन विद्यार्थिनी होत्या. त्यांच्याच नात्यातला एक माणूस कुणाला तरी घेऊन दाराशी थांबला होता, त्याच्याकडेही त्यांनी पाहिलं. मग ते म्हातारीकडे वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा, लॅबमध्ये आकडा सांगायच्या आवाजात म्हणाले, “सव्वीस.”

“मला अकरा,” म्हातारी म्हणाली, आणि पिशवीतून विड्याचं पान काढून तिनं त्यांच्यापुढे धरलं.